कपाळावरची झुलपं

शनिवार, रात्र

आज जपानीच्या वहीत ‘नानशोकु’ हा शब्द उतरवून घेतला. चिन्हं दोनच. पहिलं पुरुषाचं, दुसरं रंगाचं. तिथे रंग म्हणजे ओढ, शृंगार, सगळंच. आपल्याकडेही ‘रंगेल’ म्हणतातच, त्यामुळे ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुरुषाचं पुरुषाकडे असलेलं मन सांगणारा जुना शब्द, आणि त्यात पाप नाही की रोग नाही. बराच वेळ त्या दोन चिन्हांकडे बघत बसलो. विशीत मला स्वतःसाठी जे शब्द ठाऊक होते, त्या सगळ्या शिव्या होत्या.

मग वाचतच गेलो. सामुरायांत या नात्याला ‘शुदो’ म्हणत. ज्युदोतला ‘दो’ तोच, म्हणजे मार्ग. थोरला पुरुष आणि धाकटा ‘वाकाशू’ यांच्यात वचन, निष्ठा, वेळ पडली तर जीव देणं. इहारा सायकाकू या लेखकाने 1687 मध्ये याच विषयावर चाळीस कथा छापल्या, अर्ध्या सामुरायांच्या, अर्ध्या काबुकी नाटकांतल्या नटांच्या.

वाकाशू ओळखायचा तो केसांवरून. टाळू भादरलेली, पण कपाळावरची झुलपं राखलेली. वयात आल्याचा विधी झाला की झुलपं उतरवायची, मग तो पुरुषांत जमा. 1652 मध्ये शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने पोरांची काबुकी बंद पाडली, कारण त्यांच्यापायी प्रेक्षकांत मारामाऱ्या होत होत्या. काळजी नीतीपेक्षा बंदोबस्ताची होती. पुढे नाटक करायचं तर झुलपं काढा, अशी अट पडली. नटांनी काढली आणि त्या बोडक्या जागेवर जांभळं रेशमी फडकं बांधलं. मग लोक त्या फडक्यावरच भाळायला लागले.

‘जुन्या जपानात सगळं मोकळं होतं’ असं लिहिलेलं पुष्कळदा वाचतो, आणि दर वेळी अस्वस्थ होतो. वाकाशू म्हणजे बहुतेक कोवळी मुलं. त्यांची मर्जी कोण विचारत होतं? नाटकातली कित्येक पोरं तर पैशासाठी गिऱ्हाइकांपुढे उभी केली जात. याला मी प्रेमाचा सुवर्णकाळ म्हणणार नाही. आणि बरोबरीच्या दोन प्रौढ पुरुषांना त्या मार्गावर जागाच नव्हती. एकाने थोरलं, एकाने धाकटं असायलाच हवं.

मेइजी काळात, 1873 च्या कायद्याने, पुरुषांमधल्या संबंधाला नव्वद दिवसांची सक्तमजुरी लावली. फ्रेंच कायदेपंडित ब्वासोनाद यांच्या मदतीने नवी दंडसंहिता झाली, ती 1882 मध्ये लागू झाली आणि तो गुन्हा गेला. नऊ वर्षं! आपल्या कलम 377 ची पकड सुटायला 2018 उजाडावं लागलं. पण तिथेही माणूस सुटला नाही. युरोपातून लैंगिकतेचं नवं शास्त्र आलं आणि रंगाच्या जागी विकृती आली. कायद्याचं काम लाजेने केलं.

सायकाकूची एक कथा मात्र डोक्यातून जात नाही. एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, यानाकामध्ये दोन म्हातारे एकत्र राहतात. मोंदो त्रेसष्ट वर्षांचा, हानएमोन सहासष्टचा. कोवळ्या वयात जडलेलं प्रेम, ते अजून तसंच. मोंदोचे केस पिकलेत, विरळ झालेत, तरी त्याने कपाळाच्या कडा कधी पुरुषासारख्या भादरलेल्या नाहीत. त्रेसष्टाव्या वर्षीही तो वाकाशूच. वाचताना गळा दाटून आला. इतकी वर्षं एकमेकांना धरून राहिले, आणि त्यासाठी एकाला जन्मभर धाकटं राहावं लागलं.

यानाका आजही तोक्योत आहे. जुनी देवळं, स्मशानभूमी, अरुंद गल्ल्या. नोव्हेंबर 2022 पासून तोक्यो महानगर समलिंगी जोडीला प्रमाणपत्र देतं. ते लग्न नव्हे. लग्न नाकारणं घटनाविरोधी आहे असं साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने 2021 च्या मार्चमध्ये म्हटलं, तरी लढाई चालूच राहिली. पण ते दोघे आज असते, तर त्या कागदावर थोरला कोण, धाकटा कोण, हे कुणी विचारलं नसतं. मोंदोने केस हवे तसे कापले असते.