घर तिथे मत: डेरीच्या कॅथलिकांचा नागरी हक्कांचा लढा

उत्तर आयर्लंडविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते सहसा बॉम्बस्फोट, आयआरए ही सशस्त्र संघटना आणि ‘दोन पंथांचे भांडण’ यांपलीकडे जात नाही. 1968 साली तिथल्या कॅथलिकांना रस्त्यावर आणणारा प्रश्न मात्र धर्मशास्त्राचा नव्हता. तो नगरपालिकेच्या घरांचा आणि मताधिकाराचा होता, आणि हे दोन्ही तिथे एकमेकांत इतके गुंतलेले होते की एकाला वगळून दुसरा समजत नाही.

आयर्लंडची फाळणी झाल्यावर सहा परगण्यांचा हा प्रांत ब्रिटनकडे राहिला आणि त्याच्या विधिमंडळावर 1921 पासून जवळपास अर्धशतक ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या युनियनिस्ट पक्षाचेच, म्हणजे प्रोटेस्टंटांचे, बहुमत होते. ब्रिटिश संसदेसाठी प्रत्येक प्रौढाला मत असले, तरी स्थानिक निवडणुकांत ते घरमालक किंवा मुख्य भाडेकरू आणि त्याची पत्नी एवढ्यांपुरतेच होते. पोटभाडेकरूंना आणि लग्नानंतरही आईवडिलांच्याच घरात राहणाऱ्या मुलांना मत नव्हते. कंपन्यांना मात्र मालमत्तेच्या मूल्यानुसार सहापर्यंत मते मिळत. इंग्लंडने ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मोडीत काढली, इथे ती जपून ठेवली गेली. गरीब प्रोटेस्टंटांनाही तिचा फटका बसे, हे सांगायलाच हवे. पण गरिबी कॅथलिकांत अधिक होती आणि बहुतेक ठिकाणी घरे वाटणारे युनियनिस्ट होते. कॅथलिक जोडप्याला घर देणे म्हणजे विरोधकांच्या पदरात दोन मते टाकणे, असा हा सरळ हिशेब होता.

डेरी शहरात हा हिशेब किती बारकाईने मांडला होता, ते आकड्यांतच पाहावे. 1967 मध्ये शहरात 14,429 कॅथलिक आणि 8,781 इतर मतदार होते, तरी नगरपालिकेत युनियनिस्टांच्या 12 जागा आणि विरोधकांच्या 8. दक्षिण प्रभागात 10,047 कॅथलिक मतदार कोंबून त्यांना 8 जागा दिल्या होत्या. उरलेल्या दोन लहान प्रभागांत प्रोटेस्टंटांचे माफक बहुमत होते आणि तिथून 12 जागा निघत. महापालिका निवडणुकीच्या तोंडावर आपल्याकडे प्रभागरचनेवरून जो गदारोळ होतो, तो पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ही रचना टिकवायची, तर कॅथलिकांना दक्षिण प्रभागाबाहेर घर देऊन चालणार नव्हते. म्हणून जागा संपत आली तेव्हा बॉगसाइड वस्तीत रॉसव्हिल फ्लॅट्स या उंच इमारती उभ्या राहिल्या: लोकसंख्या वर वाढली, प्रभागाची हद्द ओलांडली नाही.

कॅलेडन गावात जून 1968 मध्ये ठिणगी पडली. नव्या घरात शिरून राहिलेल्या एका कॅथलिक कुटुंबाला मुलाबाळांसह बाहेर काढण्यात आले आणि शेजारचे घर 19 वर्षांच्या एका अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला मिळाले. आमदार ऑस्टिन करी यांनी दोन सहकाऱ्यांसह त्या घराचा ताबा घेतला. काही तासांत पोलिसांनी त्यांना हुसकले, पण तोवर बातमी सर्वदूर गेली होती. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन असा नागरी हक्कांचा पहिला मोर्चा निघाला. 5 ऑक्टोबरला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर बंदी मोडून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, खासदार जेरी फिट रक्तबंबाळ झाले, आणि आयरिश दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने ते टिपले. लाठी पहिली नव्हती. कॅमेरा नवा होता. मोर्चेकरी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या ओठी जे गीत होते, ते आपल्या शाळांत ‘हम होंगे कामयाब’ म्हणून गायले जाते.

त्या वेळी त्यांची मुख्य मागणी संयुक्त आयर्लंडची नव्हती. लंडन-लीड्सच्या नागरिकाला जे मिळते ते आम्हालाही द्या, एवढेच ते म्हणत होते. सरकारने त्यात बंडाचा कट पाहिला, आणि माझ्या मते तिथेच सगळे हातचे गेले. डेरीची नगरपालिका बरखास्त झाली, 1969 मध्ये सर्वांना समान मताधिकार मान्य झाला, पण प्रत्येक सवलत दंगलीनंतर आली. ऑगस्ट 1971 मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली, आणि 30 जानेवारी 1972 रोजी तिच्या निषेधार्थ डेरीत निघालेल्या मोर्चावर लष्कराने गोळीबार केला. रॉसव्हिल फ्लॅट्सच्या परिसरात 13 जण त्याच दिवशी मेले.

या सगळ्यात एक सुधारणा मात्र टिकली. 1971 मध्ये घरवाटपाचा अधिकार नगरपालिकांकडून काढून एका स्वतंत्र गृहनिर्माण संस्थेकडे देण्यात आला आणि घर गरजेच्या गुणांवर मिळू लागले. घरवाटपातला भेदभाव संपवावा, ही नागरी हक्क चळवळीची एक प्रमुख मागणी होती.