पाठ म्हणता येणारे मूल वाचतेच असे नाही

पहिली-दुसरीतील मुलांचे वाचन ऐकून डिस्लेक्सियाच्या, म्हणजे अक्षर-ध्वनी जुळवून वाचण्यात येणाऱ्या टिकाऊ अडचणीच्या, खुणा हेरण्याचे काम मी करीत आले आहे, आणि या कामात सर्वांत सहज नजरेतून सुटते ते उत्तम पाठांतर असलेले मूल. धडा उघडताच ते खणखणीत आवाजात सुरू होते, ओळीखाली बोटही फिरवते. पण नीट पाहिले तर तोंडात एक शब्द असतो आणि बोट दुसऱ्याच शब्दावर असते. त्याच धड्यातील मधले एखादे वाक्य चित्राशिवाय कोऱ्या कागदावर लिहून दिले, की ते पहिल्या अक्षरावर अडते आणि उरलेला शब्द अंदाजाने पुरा करते: लिहिलेले असते 'बदक', वाचले जाते 'बगळा'.

म्हणूनच मी 'टमूक', 'लबीप', 'गेसाव' अशा निरर्थक शब्दांचा आग्रह धरते. ते कोणी पूर्वी ऐकलेले नसल्यामुळे तेथे पाठांतर किंवा संदर्भ कामी येत नाही. अक्षरावरून ध्वनी ओळखायचा आणि ध्वनी जोडून शब्द उच्चारायचा, एवढाच मार्ग उरतो. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, जोडाक्षरात अर्धे अक्षर निसटते, या चुका सुरुवातीला सगळीच मुले करतात; सोबतची मुले पुढे गेल्यावरही त्या टिकून राहिल्या, तर लक्ष द्यावे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे नियमित असल्यामुळे काही मुले अचूक, पण अतिशय संथ वाचतात, आणि केवळ चुका मोजणाऱ्याच्या हातून ती सुटतात.

वाचन सुरू होण्यापूर्वीही काही खुणा दिसतात. यमक न ओळखणे, 'कमळ'मधला 'क' काढल्यास काय उरेल हे न सांगता येणे, ओळखीच्या चित्रांची नावे भराभर घेताना अडखळणे आणि कुटुंबात कोणाला वाचनाची अडचण असणे, यांपैकी अनेक गोष्टी एकत्र आल्या तर त्या गंभीरपणे घ्याव्यात. अक्षर उलटे काढणे मात्र लोक समजतात तेवढे निर्णायक नाही. सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुले तसे करतात.

अशी मुले बुद्धीने कमी असतात, हा समज तर कधीच निकालात निघायला हवा होता. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार, पण वाचता न येणाऱ्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शिकवणे केवळ तोंडी असते, तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. तरीही पुढे कित्येक वर्षे बुद्ध्यांक आणि वाचन यांत मोठी तफावत दिसेपर्यंत निदानच होत नसे, म्हणजे मूल पुरेसे मागे पडेपर्यंत थांबावे लागे. अमेरिकी संशोधक कॉनी ज्यूल यांच्या १९८८ च्या अभ्यासात पहिलीच्या अखेरीस वाचनात मागे असलेले मूल चौथीच्या अखेरीसही मागेच असण्याची शक्यता ०.८८ आढळली. अभ्यास एकाच शाळेतील ५४ मुलांचा होता, हे खरे. पण 'मोठे झाले की येईल' असे म्हणणाऱ्यांनी तो आकडा पाहावा.

निदान हे तज्ज्ञांचे काम आहे. आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे, आणि अक्षर-ध्वनींचा नेमका सराव शंका आली त्याच दिवसापासून सुरू करावा; सहा महिन्यांच्या अशा मदतीनंतरही अडचण कायम राहिली का, हे निदानाच्या वेळी विचारले जातेच. त्या वेळी 'वाचनात कच्चा' या शेऱ्यापेक्षा तारीखवार वही अधिक उपयोगी पडते, ज्यात मुलाने कोणता शब्द काय म्हणून वाचला आणि त्याला किती वेळ लागला, हे जसेच्या तसे लिहिलेले असते.