जुना लॅपटॉप देण्याआधी

दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफर सुरू झाल्या की जुन्या लॅपटॉपचे किती येतील, असा प्रश्न ओळखीतले कोणी ना कोणी हमखास विचारते. त्यातल्या डिस्कचे काय करायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बनावट लिंक, ओटीपी यांबाबत आपण आता बऱ्यापैकी सावध झालो आहोत. पण यंत्रच दुसऱ्याच्या हाती गेले आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात बदललेली) नसली, तर विंडोजच्या पासवर्डचा काही उपयोग होत नाही, कारण ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की पासवर्ड कोणी विचारतच नाही.

साध्या हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट करून रीसायकल बिन रिकामा केला, तरी खोडली जाते ती फक्त तिची नोंद. मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो, आणि क्विक फॉरमॅटनेही याहून फारसे वेगळे घडत नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या, तेव्हा चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी जेमतेम १२ नीट पुसलेल्या निघाल्या. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक होते, आणि एक डिस्क तर चक्क एटीएममधली होती. हा प्रकार जुना झाला असेही नाही. सर्व्हर आणि डिस्क मोडीत काढण्याचे काम या विषयाचा अनुभव नसलेल्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीला दिल्याबद्दल मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेला २०२२ मध्ये अमेरिकेत साडेतीन कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. त्यांतील काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली होती.

साधी हार्ड डिस्क असेल तर उपाय सोपा आहे. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहिली की पुरते. पस्तीस वेळा पुसण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आपली वीज वाचवावी. एसएसडीचे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कचे, तसे नाही. चिपचे सगळे भाग सारखे झिजावेत म्हणून तिचा कंट्रोलर (कुठे काय लिहायचे हे ठरवणारा तिचा भाग) नवा मजकूर जुन्याच्या जागी न लिहिता दुसरीकडे लिहितो, शिवाय काही जागा राखीव ठेवतो, त्यामुळे वरून कितीही शून्ये लिहिली तरी काही कोपरे सुटू शकतात. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली सिक्युअर इरेजची आज्ञाच वापरावी. हातोडा घालायचाच असेल, तर घाव पेटीवर नव्हे, आतल्या प्रत्येक चिपवर बसला पाहिजे.

म्हणूनच पुसण्याचा विचार विकण्याच्या दिवशी नव्हे, तर खरेदीच्या दिवशी करावा, असे माझे ठाम मत आहे. पहिली फाइल ठेवण्याआधीच विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट सुरू केले, तर डिस्कवर वाचण्याजोगे काही उतरतच नाही, आणि पुढे किल्ली नष्ट केली की उरतो तो निरर्थक कचरा. लॅपटॉप चोरीला गेला किंवा बिघडून सुरूच होईनासा झाला, तरीही हे संरक्षण टिकते. फक्त रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावेळी डिस्क उघडणारी राखीव किल्ली, छापून कपाटात ठेवावी, त्याच लॅपटॉपवर नव्हे. ती हरवली आणि नेमकी तीच लागली, तर आपल्याच डेटाला आपण कायमचे मुकतो.

कार्यालयांनी आणखी एका यंत्राकडे लक्ष द्यावे, ते म्हणजे झेरॉक्स मशीन. अनेक डिजिटल मशिनांमध्ये हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रतींच्या प्रतिमा तिच्यावर साठू शकतात. भाड्याची मशिने डिस्क न पुसताच परत केल्यामुळे न्यूयॉर्कच्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेला २०१३ मध्ये बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडे आधार कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत काय काय त्या काचेवर ठेवले जाते, हे लक्षात घेता भाडेकरार करतानाच त्यात एक कलम घालून घ्यावे: मशीन परत जाताना डिस्क पुसून दिली जाईल किंवा ती काढून कार्यालयाच्या ताब्यात राहील.