अंथरुणावरच पाणी : रुग्ण धुण्याचे उपकरण घडवतानाचा माझा अनुभव

पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे किंवा कण्याची इजा यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शी-शू झाल्यावर स्वच्छ करण्याची रीत आपल्याकडच्या बहुतेक घरांत अजूनही तीच आहे. खाली मेणकापड सरकवायचे, रुग्णाला कुशीवर वळवायचे, मगातून थोडे पाणी घालायचे, ओल्या फडक्याने पुसायचे आणि शेवटी चादर बदलायची. या क्रमात चादर भिजण्याची भीती सगळ्यांत मोठी असते. त्या भीतीने पाणी हात राखून वापरले जाते, पाणी कमी पडले की पुसणे वाढते, आणि लघवीने आधीच नरम पडलेली कातडी घासली जाऊन सोलवटते. पुढे त्याच जागी शरीराचा भार पडत राहिला की शय्याव्रणाला वाट मिळते. साबण जपून वापरावा असे परिचारिका सांगतात, तेही याच कारणाने. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण 4.5 ते 5.5 सामूची (pH) असते. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा सामू मात्र 9 ते 10 च्या घरात जातो.

मी वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात डिझाइनचे काम करतो. माझे शिक्षण कलाभवनात झाले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या वास्तूत आता विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा भरते. त्यामुळे लेथ, डाय आणि रबराचे साचे हा माझा रोजचा व्यवहार होता. रुग्णाच्या खाटेशी मात्र ओळख नव्हती. आमच्या शेठना अंथरुणावरच रुग्णाला पाण्याने धुता येईल असे उपकरण बाजारात आणायचे होते, आणि त्यांच्या मनातल्या चित्रात सर्वांत ठळक होती ती पाण्याची जोरदार धार.

धारेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. जखम धुण्यासाठी दर चौरस इंचाला साधारण 4 ते 15 पौंड इतका दाब योग्य मानतात. 35 मिलिलिटरच्या सिरिंजला 19 गेजची सुई लावून दाबले तर सुमारे 8 पौंडांचा दाब मिळतो, हे शुश्रूषेच्या पुस्तकांत सापडते. आम्हाला मात्र जखम धुवायची नव्हती, धड कातडी धुवायची होती. टाकी खाटेपेक्षा एक मीटर उंच टांगली तर पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे 1.4 पौंड भरतो, आणि मळ वेळेवर भिजला असेल तर तेवढ्यात तो सुटतो, असे प्रयोगात दिसले. म्हणजे पाणी ढकलण्यासाठी पंपाची गरजच उरली नाही. सलाईनच्या स्टँडला टाकी अडकवली आणि सलाईनच्या नळीवर असतो तसा रोलर क्लॅम्प, म्हणजे धार कमी-जास्त करायची चाकी, बसवला, की ती बाजू पुरी झाली.

खरे काम पाणी परत घेण्याचे होते, आणि या उपकरणाची आठवण म्हणून माझ्या मनात प्रामुख्याने तेच राहिले आहे. पाणी घालणारी नळी कोणीही बनवू शकतो. घातलेले पाणी पाठीखाली न जाता, मांडीवरून न ओघळता, मळासकट परत टाकीत आणणे यावर रुग्णाचे सुख आणि आयाबाईचे श्रम दोन्ही अवलंबून असतात. त्यासाठी हातात धरायची सिलिकोनची मऊ वाटी केली. तिच्या आत बारीक छिद्रांतून पाणी येते आणि कडेजवळच्या खाचेतून ते ओढले जाते.

इथे पंप कोणता घ्यायचा यावर कारखान्यात बरीच चर्चा झाली. डायफ्राम पंप, म्हणजे लवचिक पडदा मागेपुढे हलवून ओढणारा पंप, निर्वात चांगला करतो, परंतु हवा थोडी खेचतो; ब्लोअर, म्हणजे पात्यांचा पंखा, निर्वात नावालाच करतो, पण हवा भरपूर वाहवतो. डायफ्राम पंप लावला की वाटी कातडीला चिकटून बसे आणि ती उचलताना कातडी ओढली जाई. म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक कातडीवर असला खेळ चालणार नव्हता. शिवाय जांघेच्या घडीत किंवा माकडहाडाच्या उंचवट्यावर वाटीची कड कधीच सगळीकडून सारखी टेकत नाही, आणि जिथे ती टेकत नाही तिथून पाणी बाहेर पडते. तेव्हा कड घट्ट बसवण्याचा नाद सोडून आम्ही तिला मुद्दाम खाचा पाडल्या आणि ब्लोअर लावला. प्रत्येक फटीतून बाहेरची हवा सतत आत जात राहिली तर त्याच फटीतून पाण्याला बाहेर येता येत नाही, आणि वाटी कातडीला पकडूही शकत नाही. फट बुजवण्याऐवजी ती वापरून घेणारा हा उपाय आमच्या टूलरूममधल्या, म्हणजे साचे घडवण्याच्या विभागातल्या, एका जुन्या फिटरने सुचवला होता, हे इथे नोंदवायला हवे.

चाचणी आधी पुतळ्यावर केली. सिलिकोनच्या कातडीचा कमरेखालचा भाग घेतला, त्याखाली कोरडी ड्रॉशीट (रुग्णाच्या कमरेखाली घालायची आडवी चादर) घातली, आणि इसबगोलाची भुशी, सोयाबीनचा लगदा, शेंगदाण्याचे तेल व पाणी घोटून केलेला नकली मळ वर लावला. इसबगोल हा आमच्या गुजरातचाच माल, उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा, त्यामुळे त्याचा तुटवडा कधी पडला नाही. तो लगदा घोटणाऱ्या पोऱ्याने काही दिवस डबा खायला दुसऱ्या खोलीत जाणे पसंत केले, ही गोष्ट निराळी. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर ड्रॉशीट तराजूवर तोलायची आणि वाढलेले वजन वहीत लिहायचे, एवढी साधी आमची मोजणी होती. वाटीच्या कडेची जाडी, खाचांची रुंदी आणि नळीचा व्यास या तीन गोष्टी त्या वहीतल्या आकड्यांवरूनच ठरल्या. कड जाड ठेवली की ती घडीत शिरत नसे आणि फार पातळ केली की हवेच्या ओढीने आत वळत असे. मधला मेळ जमेपर्यंत साचा पुन्हा पुन्हा घासून घ्यावा लागला.

माणसांवरचा टप्पा त्यानंतरचा. एका शुश्रूषागृहाच्या नैतिकता समितीची परवानगी घेतली, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत संमतिपत्रे केली, आणि स्वतः होकार देऊ शकतील अशाच रुग्णांपासून सुरुवात केली. कारखान्यात न कळलेल्या गोष्टी इथे पहिल्याच आठवड्यात कळल्या.

त्यांतली एक थंडीची. टाकीतले पाणी कोमट असूनही रुग्ण दचकत. टाकीपासून वाटीपर्यंतची नळी दीड मीटर लांब आणि आतून सहा मिलीमीटर व्यासाची होती. तिच्यात सुमारे 42 मिलिलिटर पाणी मावते, आणि मधल्या वेळात थंड झालेले तेवढे पाणी सर्वांत आधी अंगावर येई. उपाय म्हणून झडप अशी बसवली की हे पहिले पाणी वाटीकडे न जाता थेट सांडपाण्याच्या टाकीत जावे, आणि तापमानाचा संवेदक टाकीतून काढून वाटीच्या मुठीत आणला. थंडीचे दुसरे कारण खुद्द ब्लोअर होता. ओल्या कातडीवरून हवा वाहिली की पाण्याची वाफ होते, आणि दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे 2,400 ज्यूल उष्णता मुख्यत्वे अंगातूनच जाते. म्हणून पाणी थांबल्यावर ब्लोअर थोडाच वेळ पूर्ण जोराने चालतो, नंतर मंदावतो, आणि उरलेला ओलावा मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा असे सूचनेत लिहिले आहे. टिपायचे, घासायचे नाही, हे तिथे ठळक अक्षरांत आहे.

हीटरवरून शेठचे आणि माझे चांगलेच वाजले. "माहितीपत्रकात हीटर नसेल तर गिऱ्हाईक विचारेल, यात आहे काय?" हा त्यांचा मुद्दा व्यापाराच्या दृष्टीने बरोबर होता. माझे म्हणणे असे की मधुमेहाने संवेदना गेलेल्या किंवा कण्याच्या इजेने कमरेखाली बधिर झालेल्या रुग्णाला पाणी भाजते आहे हे कळतच नाही. साठ अंश सेल्सियसचे पाणी प्रौढ माणसाची कातडी काही सेकंदांत भाजून काढते, आणि वृद्धांची कातडी तर अधिकच पातळ. विजेच्या वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेही अंगाला लागणारा भाग 41 अंशांवर जाणार असेल तर ते सूचनापुस्तिकेत सांगावे लागते. त्यात पाणी, हीटर आणि घरातली वायरिंग हे त्रिकूट मला खाटेजवळ नको होते. शेवटी हीटर गळाला. घरातल्या गीझरचे किंवा चुलीवरचे पाणी घालून टाकी भरायची, आणि मुठीतल्या संवेदकाला ते 40 अंशांच्या वर वाटले तर झडप उघडतच नाही, अशी व्यवस्था ठेवली. ब्लोअर आणि झडप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. शेठना ते पटले की नाही कोण जाणे, पण बॅटरी स्वस्त पडते हे पटले.

आवाजाचा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी लक्षात आणून दिला. वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातले जुने मराठी घर, पक्षाघातानंतर उजवी बाजू गेलेली, बोलणे मात्र स्वच्छ. मी विचारले, "काका, त्रास कुठे झाला?" ते म्हणाले, "अहो, त्रास कसला? पाणी कोमट आहे, चादर कोरडी आहे. पण हे यंत्र सुरू झालं की बाहेर बसलेल्या पाहुण्यांनाही कळतं, आता म्हाताऱ्याचं काय चाललंय ते." मोजमापांच्या आमच्या यादीत आवाज होता, परंतु तो कानाला त्रास होऊ नये एवढ्यापुरता. त्यानंतर ब्लोअर मुठीतून काढून खाटेखालच्या पेटीत ठेवला, त्याखाली रबराच्या गाद्या बसवल्या, हवेच्या बाहेर पडण्याच्या मार्गाला वळणे आणि फोमचे अस्तर दिले. मूठ हलकी झाली हा त्यातला फुकटचा फायदा.

आयाबाईंनी सांगितलेली गोष्ट त्याहून साधी होती. आमचा एक तरुण अभियंता वाटी टेकवून लगेच बटण दाबत असे. एकदा त्याला थांबवून त्या म्हणाल्या, "पहेलां कहो तो खरा, पछी पाणी नाखो." आधी सांगा तरी, मग पाणी घाला. पाठीमागे काय चालले आहे ते कुशीवर वळवलेल्या माणसाला दिसत नसते. त्यावरून क्रम बदलला: बटण दाबले की आधी ब्लोअर मंद सुरू होतो, दोन सेकंदांनी पाणी येते, आणि पहिले पाणी मांडीवर सोडून रुग्णाला विचारायचे ही पायरी सूचनेत आली. स्त्रियांना धुताना वाटी नेहमी पुढून मागे न्यायची, म्हणजे शौचातले जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. ज्यांना कॅथेटर (लघवीची नळी) आहे त्यांची ती नळी आधी मांडीला चिकटपट्टीने धरून ठेवायची. या सूचना चित्रांसह आहेत, कारण काम करणाऱ्या कित्येक बायकांना वाचता येत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत मी हटवादी राहिलो. कोमट पाणी टाकीत साचून राहिले तर त्यात जंतू वाढतात आणि नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो. म्हणून पाणी प्रत्येक वेळी ताजे घ्यायचे, उरलेले ओतून द्यायचे, आणि वाटी व नळी अवजारांशिवाय सुटी करून उकळता यावी अशी जोडणी केली. दुसरी खबरदारी जोडांची. सलाईन, सिरिंज यांचे तोंड ल्युअर नावाच्या ठरावीक उताराचे असते, आणि भलती नळी भलत्या ठिकाणी जोडली जाऊ नये म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची 80369 ही मानकमालिका आहे. आमचे जोड मुद्दाम इतके मोठे ठेवले की रुग्णाच्या शिरेकडे जाणाऱ्या कोणत्याही नळीला ते लागूच शकत नाहीत. टाकी सलाईनच्या स्टँडवर टांगायची असल्यामुळे ही काळजी अधिकच गरजेची होती.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. वैद्यकीय उपकरण नियम 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत, आणि जोखमीनुसार उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गांसाठी परवान्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2022 पासून आली. चाचणीपुरते नमुने बनवण्यासाठी एमडी-12 अर्जावर एमडी-13 परवाना केंद्राकडून घ्यावा लागतो. बी वर्गाच्या उत्पादनाचा अर्ज एमडी-3, परवाना एमडी-5, आणि तो राज्याचे प्राधिकरण देते. वर्ग ठरतो तो उपकरणाचा वापर कशासाठी सांगितला आहे त्यावरून, म्हणून 'उघड्या व्रणावर वापरू नये' हे वाक्य आम्ही अर्जात, पुस्तिकेत आणि मुठीवरही घातले. सिलिकोनच्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र पुरेल असे शेठना वाटत होते; परंतु साच्यातून सुटण्यासाठी लावलेले द्रव्य आणि रंग त्या प्रमाणपत्रात येत नाहीत, त्यामुळे पेशींवरचा विषारी परिणाम, त्वचेचा दाह आणि ॲलर्जी या तिन्ही चाचण्या तयार वाटीवरच करून घेतल्या. आयएसओ 14971 प्रमाणे जोखमींची नोंदवही ठेवावी लागते. ती मला सुरुवातीला कारकुनी वाटली होती. जोडांचा आणि तापमानाचा विचार वेळेत झाला तो मात्र तिच्यातल्या रकाने भरतानाच.

परवाना मिळून उत्पादन सुरू झाले आहे. वाटीचे सध्या दोन आकार आहेत, आणि फार कृश झालेल्या रुग्णांना लहान आकारही मोठा पडतो, अशी तक्रार घरोघरच्या आयाबाईंकडून येते आहे. तिसऱ्या वाटीचा साचा टूलरूममध्ये लागला आहे. तिची कड आणखी मऊ सिलिकोनची करून पाहतो आहोत, आणि ड्रॉशीट तोलण्याची वही पुन्हा उघडली आहे.