वाघाचं तूप

शुक्रवारचा शेवटचा तास वाचनाचा. आमची मराठी शाळा कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, हल्याळकडच्या टोकाला. मुलं घरात मराठी किंवा कोकणी बोलतात, बाजारात कन्नड. इंग्रजी फक्त पुस्तकात. म्हणून इंग्रजी चित्रपुस्तक मी मांडीवर मुलांकडे तोंड करून उभं धरते, वरून उलटी अक्षरं वाचते आणि थेट मराठीत सांगत जाते. पंधरा वर्षांत हे हाताला बसलंय. पान उलटायच्या आधी क्षणभर थांबायचं आणि शब्द पोरांच्या जिभेवरचाच घ्यायचा. 'पॅनकेक'ला आंबोळी म्हटलं की पोरं गोष्टीत शिरतात. नुसतं केक म्हटलं की वाढदिवसात जातात.

जूनमध्ये एका संस्थेकडून परदेशात गोळा केलेल्या जुन्या बालपुस्तकांची तीन खोकी आली. ती पाठवताना कुणी एकही पुस्तक उघडून पाहिलं नसणार. तपासणीला आलेल्यांनी साठा नोंदवहीत आकडा बघितला, मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढला आणि गेले. पुस्तक आत काय सांगतंय हे आपल्या व्यवस्थेत कुणाच्याच कामात बसत नाही. पण त्या दिवशी ते काम माझं होतं, आणि मीही न चाळताच पुस्तक वर्गात नेलं.

'लिटल ब्लॅक सांबो'. लाल कोट, निळी विजार, जांभळे बूट, हिरवी छत्री घेऊन रानात निघालेला मुलगा. पहिलं पान दाखवलं आणि मागून कुणीतरी सहावीतल्या एका मुलाचं नाव घेतलं. सगळा वर्ग त्याच्याकडे वळून हसला.

तो सिद्दी आहे. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज या रानांत कित्येक पिढ्या राहतायत. त्याचं कोकणी माझ्यापेक्षा चांगलं आहे. चित्रातल्या मुलाचे ओठ फुगवलेले, डोळे बटबटीत, केस उभे. त्या चित्रावर बोट ठेवून वर्ग ह्याला हसत होता.

मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही. आवाज चढवून गोष्ट पुढं रेटली. वाघ भांडत झाडाभोवती पळतात, पळता पळता वितळतात, त्यांचं तूप होतं. आई त्या तुपात आंबोळ्या तळते आणि पोरगा 169 खातो. आकडा ऐकून तोही हसला, त्यामुळे मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं खोटं होतं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तिकडं आफ्रिकेत वाघ असतोय काय?"

आमच्या भागात वाघाचे ठसे दिसले की वनखात्याची गाडी गावात येते, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मी पान पुन्हा उलटून बघितलं. तुपाचं वाक्य सांगताना मी घाईत एक कंस गाळला होता. लोण्यानंतर कंसात 'घी' हा शब्द आहे, आणि हिंदुस्थानात त्याला असं म्हणतात, असंही. मग सांगितलं, की हे पुस्तक 1899 सालचं. लिहिणारी हेलन बॅनरमन स्कॉटिश बाई, मद्रासकडे डॉक्टर नवऱ्यासोबत राहायची, आपल्या मुलींसाठी तिनं हे लिहिलं. चित्रंही तिचीच. 'सांबो' हा शब्द अमेरिकेत काळ्या माणसांसाठी शिवीसारखा वापरला जायचा.

तो मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "चित्र काढताना तिनं आमच्यातलं कुणी बघितलं होतं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली.

बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये मांडलेली उपमा प्रशिक्षणात आम्हाला तोंडपाठ करायला लावतात: पुस्तक मुलाला कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी सरकतं दार. आरशात चेहरा हास्यास्पद दिसला तर मूल आपली किंमत काय ते शिकतं, हेही त्यांनीच लिहिलंय. ते तोंडपाठ करून घ्यायला हवं होतं.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "जाळून टाका, कटकट नको." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "चित्रच तर आहे." दोघांपैकी कुणीही पुस्तक उघडलं नाही. मी रात्री शोधत बसले. 1996 मध्ये ही गोष्ट दोनदा नव्यानं आली. एकात नावं आणि चित्रं भारतीय केली, मुलगा बाबाजी झाला. दुसऱ्यात ज्युलियस लेस्टर आणि जेरी पिंकनी या आफ्रिकन-अमेरिकन जोडीनं ती आपल्या ढंगात सांगितली, मुलगा सॅम झाला. दोन्ही दुरुस्त्या मनापासूनच्या आहेत. पण एकात मुलगा काळा राहिला नाही आणि दुसऱ्यात आपल्याकडचा राहिला नाही. माझ्या वर्गातला मुलगा दोन्ही आहे. वाघाच्या रानात राहतो, घरी तूप कढतं, आणि पूर्वज आफ्रिकेतले.

सोमवारी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "बाई, ते पुस्तक एक दिवस द्या. आजीला दाखवायचंय."

मी म्हटलं, देते. त्याला तीन आठवडे झाले. त्यानं आणखी दोनदा विचारलं. पुस्तक माझ्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्याकडे.