पुठ्ठ्यावरचं खान्देश, अपडेट ३ : दोरे लागले एकदाचे

मंडळी, ग्राफ थिअरी (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) समजून घ्यायला मी खान्देशातल्या रेल्वेचं जाळं पुठ्ठ्यावर बनवतोय. मागच्या वेळी नुसती बटणं चिकटवून झाली होती, या रविवारी दोरे लावले. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, जुन्या शर्टाची सात बटणं म्हणजे भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे, अमळनेर, नंदुरबार (मधली बारकी स्टेशनं सोडली) आणि लाल दोरा. बटण म्हणजे नोड (ठिपका), दोरा म्हणजे एज (दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा). पुस्तकात 'कड' लिहितात पण कड म्हटलं की मला पुठ्ठ्याचीच कड दिसते, म्हणून एजच म्हणतो.

आधी फक्त रेल्वे, सहा दोरे: भुसावळ-जळगाव, जळगाव-पाचोरा-चाळीसगाव-धुळे आणि जळगाव-अमळनेर-नंदुरबार. बटणं नकाशासारखी न लावता जागा मिळेल तशी लावलेली, त्यामुळे चाळीसगाव-धुळे दोरा जळगाव-अमळनेरच्या दोऱ्यावरून गेला आणि मी त्या फुलीलाच आठवा नोड धरून बसलो, मग काय भो, गाडी पाचोरा-चाळीसगाव टाळून जळगावहून डायरेक्ट धुळ्याला वळायला लागली! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. दोरे एकमेकांवरून गेले म्हणून जंक्शन होत नाही. एज म्हणजे फक्त जोडी, कोण कोणाला जोडलंय एवढंच, दोरा वाकडा का सरळ काही फरक नाही. अंतर पाहिजेच असेल तर दोऱ्याला चिठ्ठी बांधा, त्याला वेट म्हणतात.

मग मोजणी. जळगावला ३ दोरे, पाचोरा-चाळीसगाव-अमळनेरला २-२, टोकाच्या तिघांना १-१, बेरीज १२, म्हणजे सहाची दुप्पट, कारण प्रत्येक दोऱ्याला टोकं दोनच. सात नोड, सहा एज आणि सगळं जोडलेलं, म्हणजे ट्री, कुठेच गोल फेरा नसलेलं जाळं. यातला कुठलाही दोरा कापला की जाळं तुटतं, अशा एजला ब्रिज म्हणतात.

आता खरी मजा. धुळे-नंदुरबार रस्त्याचा एकच निळा दोरा टाकला आणि सहाच्या सहा ब्रिजमधून फक्त भुसावळ-जळगाव उरला, बाकी सगळे गोल फेऱ्यात गेले. वर विषम डिग्रीचे (डिग्री म्हणजे नोडला लागलेले दोरे) नोडही दोनच राहिले, भुसावळ १ आणि जळगाव ३. मधल्या नोडला एका दोऱ्याने आलं की दुसऱ्याने बाहेर पडावं लागतं, म्हणून विषम नोड फक्त सुरुवातीला नाहीतर शेवटी चालतो. म्हणून भुसावळहून निघून प्रत्येक दोऱ्यावर एकदाच बोट फिरवत जळगावला संपवता येतं, तीनदा फिरवून बघितलं. क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांवरून प्रत्येकी एकदाच फिरायचं जुनं कोडं होतं, त्यात हेच जमत नव्हतं, तिथे जमिनीचे चारही तुकडे विषम, ५, ३, ३, ३. गणितज्ञ ऑयलरने ते १७३५ सालीच सांगितलं, मला पुठ्ठा लागला.

पुढे धुळे-चाळीसगावमध्ये रेल्वे आणि रस्ता असे दोन दोरे टाकायचेत, पण निळा दोरा संपला.