गराज ते ड्रम अँड बेस: पाऊणपटीचा हिशोब बसला

डीजे सेटमधे सध्या एकाच उडीवर अडलोय, हाऊसवरून ड्रम अँड बेस (डीएनबी), म्हणजे एका डान्स म्युझिक प्रकारावरून दुसऱ्या, खूप वेगवान प्रकारावर. हाऊस मिनिटाला १२६ बीटच्या आसपास, डीएनबी १७४, आणि एवढं अंतर नुसता पिच फेडर (ट्रॅकचा वेग बदलणारी पट्टी) ओढून कापायला गेलं तर की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) लावूनही व्होकल फाटल्यासारखा येतो. म्हणून मधे यूके गराज घातलं, तेही टू-स्टेप. त्यात किक प्रत्येक बीटला नसते त्यामुळे दुसऱ्या ट्रॅकला जागा मिळते, सब-बेस दोन्हीकडे जड, आणि तसंही जंगल (डीएनबी ज्यातून आलं तो प्रकार) काय गराज काय, दोन्ही नव्वदच्या दशकातल्या लंडनमधेच वाढलेत.

आता खरी गंमत. गराज १३०.५ वर ठेवलं की ते १७४ च्या बरोब्बर पाऊणपट येतं, म्हणजे गराजचे ३ बीट आणि डीएनबीचे ४ बीट एकाच वेळात संपतात, तबल्यावर लयकारी केलेल्यांना हे लगेच कळेल. सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) बंद ठेवा, नाहीतर ते दोघांना एकाच टेंपोवर ओढायला बघतं.

सुरू कुठून करायचं? गराजची ३२ बीटची फ्रेज असते ना, त्यातले पहिले ८ बीट जाऊ द्यायचे आणि नवव्यावर डीएनबीचा इंट्रो सोडायचा, गराजच्या उरलेल्या २४ मधे डीएनबीचे पूर्ण ३२ होतात आणि दोन्ही फ्रेज एकत्र संपतात. इंट्रो फक्त हाय-हॅट नि पॅडवाला घ्या, ब्रेक (डीएनबीचा मुख्य ड्रम पॅटर्न) आधीच चालू असेल तर स्नेअर एकमेकांवर चढतात. डीएनबीचा लो (मिक्सरवरचा बेसचा नॉब) तोवर पूर्ण खाली. गराजच्या शेवटच्या ८ बीटला त्याचा लो काढायचा, शेवटच्या क्लॅपवर इको ३/४ बीटला लावायचा, गराजचा फेडर खाली आणि डीएनबीचा लो वर. त्या इकोचा ठोका १७४ लाच पडतो!! गराज गेलं तरी त्याची शेपूट नव्या लयीत वाजत राहते आणि उडी कानाला टोचत नाही. मला तर या सगळ्यात हा इकोच जास्त आवडलाय.

की म्हणजे सूर जुळवायला कॅमलॉटवर (प्रत्येक की ला नंबर देणारं चक्र) तोच नंबर किंवा शेजारचा, ८ए असेल तर ७ए नाहीतर ९ए, बास.

परतीचा रस्ता मात्र अजून शोधतोय. १७४ चं निम्मं ८७, तिथे हाफटाइमवरून (ड्रम निम्म्या वेगाने वाजतात तो भाग) हिप-हॉप छान बसतं पण पुढे हाऊसला यायला पूल सापडत नाहीये. कोणी हे नेहमी वाजवत असेल तर ट्रॅकची नावं सांगा ना.